कनातीबाहेरचे श्रोते

भाद्रपद जवळ आला की महाराष्ट्रात एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. डीजेच्या भिंतींना परवानगी द्यावी की नाही, रात्री दहाची मर्यादा बारापर्यंत किती दिवस वाढवावी, ढोलताशा ही संस्कृती की गोंगाट, यावर रकानेच्या रकाने भरतात. चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की या वादाचे दुसरे अंग पुढे येते: तमाशा संपत चालला आहे, लावणीच्या नावाखाली भलतेच प्रकार चालले आहेत, सरकारने फडांना अनुदान द्यावे. सिडनीत बसून मी हे दोन्ही वाद नेमाने वाचते आणि दरवेळी एक गोष्ट खटकते. काय वाजावे आणि किती वाजावे याबद्दल सगळे बोलतात. ते ऐकायला कोणी यावे, कोणाबरोबर यावे आणि येऊन कुठे बसावे याबद्दल जवळजवळ कोणीच बोलत नाही. गेल्या जानेवारीत टॅमवर्थच्या कंट्री संगीत महोत्सवाला घरच्यांसह जाऊन आल्यापासून मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटू लागला आहे.

टॅमवर्थ हे न्यू साउथ वेल्स राज्यातले, सिडनीपासून सुमारे ४०० किलोमीटरवरचे गाव आहे. आसपास मेंढ्या, गुरे आणि गव्हाची शेते. वस्ती ४० हजारांच्या थोडी पुढे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बऱ्यापैकी तालुक्याच्या गावाएवढी. दर जानेवारीत ऐन उन्हाळ्यात तिथे दहा दिवस हा महोत्सव भरतो. कंट्री संगीत मूळचे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे असले, तरी ऑस्ट्रेलियात त्याला स्वतःची चाल मिळाली. दुष्काळ, गुरांचे तांडे हाकणारे राखणदार, मालमोटारींचे चालक, ओसाड माळावरचे एकटेपण हे त्याचे विषय, आणि गिटार, फिडल (म्हणजे व्हायोलिन), बँजो ही त्याची वाद्ये. सिडनीतल्या शिष्ट मंडळींना ते फारसे मानवत नाही. ऑफिसात मी टॅमवर्थला जाणार असल्याचे सांगितल्यावर दोघातिघांनी नाक मुरडले, आणि ते नाक मुरडणे मला अगदी ओळखीचे वाटले; पुण्यात ‘गावठी’ हा शब्द ज्या सुरात उच्चारला जातो, तोच तो सूर.

या गावाला ‘कंट्री संगीताची राजधानी’ म्हणवून घेण्याचा मान कोणा संस्कृतिरक्षकांमुळे मिळालेला नाही. १९६५च्या सुमारास तिथल्या टू-टीएम या रेडिओ केंद्रापुढे दूरचित्रवाणीचे संकट उभे राहिले आणि संध्याकाळचा श्रोता टिकवायचा कसा, हा प्रश्न आला. त्यांनी रात्री कंट्री गाण्यांचा खास कार्यक्रम सुरू केला. केंद्राच्या लहरी रात्री फार दूरवर पोहोचत असल्याने शेकडो मैलांवरच्या मेंढपाळांची आणि मालमोटारवाल्यांची पत्रे येऊ लागली. मग केंद्रानेच गावाला ती पदवी बहाल केली आणि १९७३ पासून पुरस्कार द्यायला सुरुवात केली. पहिला ‘गोल्डन गिटार’ जॉय मॅकीन या गीतकर्तीला मिळाला, तोही रात्री डोंगरवाटेने मालमोटार हाकणाऱ्या चालकावरच्या गाण्याला. बाजारूपणामुळे कला बिघडते असे आपल्याकडे गृहीत धरले जाते; इथे मात्र एका रेडिओ कंपनीच्या धंद्याच्या हिशेबातून अर्धशतक टिकलेली परंपरा उभी राहिली. २०२१ मध्ये करोनामुळे महोत्सव रद्द झाला आणि २०२२ मध्ये एप्रिलवर गेला, एवढाच काय तो खंड.

आम्ही गेलो तेव्हा मी, नवरा, शाळकरी मुलगा, महाराष्ट्रातून आलेली आई आणि कोल्हापूरचे एक मित्रकुटुंब असा लवाजमा होता. हॉटेले वर्ष वर्ष आधी भरतात, त्यामुळे कित्येक कुटुंबे नदीकाठच्या मैदानांवर तंबू ठोकून किंवा कॅराव्हॅन लावून राहतात. आम्हीही तेच केले. खरा महोत्सव मोठ्या रंगमंचांवर नव्हे, तर पील स्ट्रीट या मुख्य बाजाररस्त्यावर चालतो. सकाळी दहापासूनच दुकानांच्या पडव्यांखाली दर पाच-सात दुकानांआड कोणीतरी गात असते. या रस्त्यावरच्या गायकांना आधी नोंदणी करावी लागते, आणि त्यांची स्पर्धाही होते. एका औषधांच्या दुकानासमोर नऊ-दहा वर्षांची एक मुलगी फिडल वाजवत होती. पुढ्यात उलटी ठेवलेली तिची मोठी हॅट, हॅटेशेजारी पैसे पाठवण्यासाठीचा क्यूआर कोड, आणि मागे बर्फाच्या पेटीवर बसलेला बाप, जो तिची एक लय चुकल्यावर टाळीने ती सावरून देत होता. समोर घडीच्या खुर्च्या घेऊन म्हाताऱ्या बायका ठाण मांडून होत्या. ऊन ३५ अंशांच्या वर होते, तरी एकही जागची हलली नाही. आमच्यासारखे चेहरे तिथे मोजकेच होते, आणि एका सद्गृहस्थांनी आम्ही क्रिकेटसाठी आलो आहोत का असे आपुलकीने विचारले, ते सोडून देते.

याच रस्त्यावर किशोरवयात गाऊन पुढे नाव काढलेले कलाकार कमी नाहीत. नवोदितांसाठी इथे ‘स्टार मेकर’ नावाची स्पर्धा १९७९ पासून होते. कीथ अर्बन यांनी ती १९९० मध्ये जिंकली आणि मग अमेरिका गाठली. म्हणजे रस्त्यापासून स्पर्धेपर्यंत, स्पर्धेपासून पुरस्कारापर्यंत चढत जाणारी वाट गावानेच आखून ठेवली आहे, आणि त्या वाटेच्या प्रत्येक टप्प्यावर आजी, आई, लेक आणि नात शेजारी शेजारी बसून ऐकतात. पबमध्येसुद्धा आईबापांबरोबर मुले जेवायला बसतात आणि गाणे ऐकतात.

आईचे माहेर जुन्नर तालुक्यातले, नारायणगावपासून हाकेच्या अंतरावर. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. हंगामात तिथे फडांच्या राहुट्या लागतात, आणि गावोगावचे पुढारी येऊन आपल्या यात्रेची सुपारी ठरवतात. दसऱ्यापासून वैशाखातल्या बुद्धपौर्णिमेपर्यंत या फडांचा मुक्काम रस्त्यावरच असतो. टॅमवर्थच्या त्या फुटपाथवर मी आईला सहज विचारले, तू लहानपणी तमाशे पाहिले असशील ना. ती म्हणाली, “दरवर्षी यायचा गं तमाशा आमच्या गावाला. ऐकलाय भरपूर, बघितला नाही कधी. ढोलकी पार घरापर्यंत ऐकू यायची, मग आजी दार लावून घ्यायची.” आईच्या पिढीतल्या, तमाशाच्या ऐन मुलखात वाढलेल्या हजारो बायकांचा अनुभव याहून वेगळा नसावा. कुठे कुठे बायका लांब ओट्यावर बसून वग पाहत, हे खरे. पण कनातीच्या आतली जागा पुरुषांची, हे सर्वांनीच मान्य केलेले होते. ज्या कलेच्या श्रोत्यांतून निम्मे गाव आधीच वजा झालेले आहे, त्या कलेने उरलेल्या निम्म्यांच्या आवडीनुसार वळण घेतले, तर बिघडली कला की बिघडवला श्रोता, हे ठरवण्यापूर्वी थोडे थांबायला हवे.

तुलना करताना मला स्लिम डस्टी आणि विठाबाई नारायणगावकर ही दोन नावे डोळ्यांआड करता येत नाहीत. ऑस्ट्रेलियाचा कंट्री गायक स्लिम डस्टी हा दूधधंदा करणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. १९६४ पासून तो बायको जॉय मॅकीन आणि मुलांसह कॅराव्हॅन घेऊन वर्षातले जवळजवळ दहा महिने देशभर गात हिंडायचा; आपल्या फडांचेच जिणे ते. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात तो गायला, आणि २००३ मध्ये त्याचा अंत्यविधी शासकीय इतमामाने झाला. विठाबाई भाऊ-बापू खुडे नारायणगावकर यांच्या फडाच्या घरात वाढल्या. त्यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला, तरीही २००२ मध्ये त्या गेल्या तेव्हा रुग्णालयाचे बिल देणगीदारांना भागवावे लागले. हा फरक नुसत्या सरकारी औदासीन्याचा नाही. तमाशा ज्या समाजांनी जगवला त्यांच्याकडे, आणि विशेषतः त्यांतल्या बायकांकडे, पाहण्याची आपली नजर जातीने घडवलेली आहे. त्यांची कला हवी, पण शेजार नको, अशी ती नजर. अनुदानाच्या फायली कितीही हलल्या तरी तिच्यावर त्यांचा परिणाम होत नाही.

ऑस्ट्रेलियाचेही सारे आलबेल आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. टॅमवर्थ हा मूळ गामिलराय लोकांचा प्रदेश. महोत्सवाचे दिवस २६ जानेवारीच्या आगेमागे येतात, आणि इंग्रजी वसाहतीच्या आरंभाचा तो ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय दिन आदिवासी समाज १९३८ पासून शोकदिन मानत आला आहे. विशेष म्हणजे कंट्री संगीत आदिवासी वस्त्यांत खोलवर रुजलेले आहे. जिमी लिटल यांच्यापासून ट्रॉय कॅसर-डेली यांच्यापर्यंत अनेक मातब्बर गायक त्या समाजातले आहेत. तरी त्या रस्त्यावरची गर्दी बहुतांशी गोरी आणि पिकल्या केसांची होती, आणि ध्वजाचे चित्र असलेले टीशर्ट व आदिवासी गायकाचे गाणे एकमेकांना न पाहिल्यासारखे करत होते. तेव्हा इथून एखादा नमुना उचलून तिकडे चिकटवावा, असे माझे म्हणणे नाही.

म्हणणे वेगळे आहे, आणि ते वेळेशी निगडित आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद केले. राज्य सरकारला वर्षातून १५ दिवसांपर्यंत बारापर्यंतची सवलत देता येते. नियम योग्यच आहे, आजारी माणसाला झोप हवीच. पण त्याचा फटका कोणाला कसा बसला हे पाहायला हवे. १९५३ पासूनच्या सवाई गंधर्व महोत्सवाची रात्रभर चालणारी मैफल गेली. तरी त्या महोत्सवाने दुपारपासून बैठक भरवून स्वतःला सावरले, कारण त्याच्या पाठीशी संघटना आणि पैसा होता. तमाशात गण, गवळण, बतावणी होऊन वग रंगायला मध्यरात्र उलटायची. दहाला आवाज बंद करायचा म्हटले की आधी वगावरच कात्री चालते. कथा जाते, सोंगाड्याची हजरजबाबी बोली जाते आणि गाण्यांचा तुकडा तेवढा उरतो, ज्याला शिट्ट्या मारणारा प्रेक्षक तयार असतो. मग आपण लिहितो की तमाशा अश्लील झाला.

टॅमवर्थच्या रस्त्यावरचे गाणे बहुतेक दिवसाउजेडी चालते, म्हणून बायका, मुले आणि म्हातारी माणसे तिथे सहज असतात. आणि दिवसाचा तमाशा आपल्याला नवा नाही. पश्चिम महाराष्ट्राच्या यात्रांत रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी फडाची हजेरी होते. देवळापुढे किंवा पारावर कलावंत गातात, गाव फुकट ऐकते, आणि दुपारी कुस्त्यांचा हगामा भरतो. या हजेरीला बायका ओट्यांवर, गच्च्यांवर असतात, मुले तर अगदी पुढ्यात. पुण्या-मुंबईच्या नाट्यगृहांत महिलांसाठीचे खास लावणीचे प्रयोग गर्दीत झाले आहेत, म्हणजे बायकांना हे पाहायचे नसते, ही सबबही टिकत नाही. यात्रा कमिट्यांनी हजेरी उरकून टाकायचा उपचार न मानता तिलाच मुख्य खेळ करावे. सकाळी नऊ ते दुपारी एक असा पूर्ण वग बसवावा, मांडव घालावा, पिण्याच्या पाण्याची आणि बायकांसाठी स्वच्छतागृहांची सोय करावी, गावातल्या मुलामुलींना ढोलकी-तुणतुण्यावर हात टाकायला एक कोपरा द्यावा. दहाचा नियम आपोआप आड येणार नाही.

आमच्या बरोबरच्या कोल्हापूरच्या मित्राला हे पटले नाही. परतीच्या वाटेवर मरुरुंडीला चहासाठी थांबलो असताना तो म्हणाला, फडमालकाला जो पैसा मिळतो तो रात्रीच्या तिकिटाचा, दिवसाच्या फुकट हजेरीला कोण विचारतो. हरकत रास्त आहे. पण टॅमवर्थच्या बागेत संध्याकाळी होणारे फुकट कार्यक्रमही एका मोटार कंपनीच्या पैशावर चालतात, कारण ट्रक आणि गाड्या विकत घेणारा शेतकरी तिथे सहकुटुंब भेटतो. आपल्याकडे डीजेच्या भिंतींचा खर्च पतसंस्था, दूधसंघ आणि ट्रॅक्टरचे विक्रेते आजही उचलतातच, आणि त्याबदल्यात त्यांना मिळतो तो नाचणाऱ्या पोरांचा घोळका. हजेरीच्या मांडवात त्यांना ठेवी ठेवणारी आजी, गोठा सांभाळणारी सून आणि कर्जाच्या कागदावर सही करणारा बाप एकाच सतरंजीवर सापडतील. मित्र म्हणाला, त्याच्या गावच्या कमिटीत असे कोणी मांडले तर आधी मानपानावरून भांडण होईल. ते होईलच, ते डीजेच्या वर्गणीवरूनही होते.