रक्ताची चटक की रात्रीचं दारं धरणं?

उसाचा गाळप हंगाम लागला की करमाळा-माढ्यापासून पंढरपूरपर्यंत फोनवर एक मेसेज फिरायला लागतो. वर आ वासलेला सिंह आणि खाली मजकूर: 'माणसाचं रक्त खारट असतं. सिंह-बिबट्याला त्याची एकदा चटक लागली की तो दुसरं काही खात नाही. आफ्रिकेत दोन सिंहांनी १३५ माणसं खाल्ली. म्हातारं, जखमी जनावरच नरभक्षक होतं. शेकोटी पेटवा, जवळ येणार नाही. आणि बिबट्या दिसला की समजा, नरभक्षकच.' यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची एकेक करून बघू.

आधी खारट रक्त. माणसाच्या रक्तात लिटरमागे साधारण १३५ ते १४५ मिलिमोल सोडियम असतं. शेळीचा, गाईचा आकडा याच्याच आगेमागे. खारटपणानेच चटक लागायची असती तर ती गोठ्यातल्या शेळीनेच कधीची लावली असती.

'दुसरं काही खात नाही' आणि '१३५ माणसं' या दोन्ही गोष्टी केनियातल्या त्सावोच्या आहेत. १८९८ साली तिथे रेल्वेच्या पुलाचं काम चालू होतं. मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. मार्च ते डिसेंबर दोन बिनआयाळीचे नर त्यांच्या तंबूंवर येत राहिले. १३५ हा आकडा त्यांना मारणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यानेच पुढे सांगितला. आधीचा त्याचाच आकडा २८ हिंदी मजुरांचा होता, त्यात स्थानिक आफ्रिकी मोजलेच नव्हते. दोन्ही सिंह आज शिकागोच्या संग्रहालयात आहेत. २००९ मध्ये त्यांच्या केसांची आणि हाडांची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा अंदाज आला सुमारे ३५ माणसांचा. ज्याने जास्त माणसं खाल्ली त्याच्याही शेवटच्या महिन्यांतल्या आहारात माणूस तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच होता. त्यांच्या तुटक्या दातांत अडकलेल्या केसांमध्ये जिराफ, झेब्रा, कुरंग गटातला वाइल्डबीस्ट आणि माणूस, सगळेच सापडले. म्हणजे ज्यांच्यावरून ही दंतकथा निघाली ते सिंहही जे हाती लागेल ते खात होते.

शेकोटीचं उत्तरही त्सावोतच आहे. मजुरांनी तंबूंभोवती काट्यांचं कुंपण केलं होतं, रात्रभर जाळ ठेवला होता. सिंह कुंपणातून घुसून माणूस ओढून नेत होते. जाळामुळे आपल्याला उजेड मिळतो, एवढाच त्याचा भरवशाचा उपयोग. शिवाय उसाच्या वाळल्या पाचटाशेजारी शेकोटी म्हणजे बिबट्याच्या आधी फडच पेटायचा.

आता अर्धं खरं वाक्य: म्हातारं, जखमी जनावर. त्सावोच्या एका सिंहाच्या सुळ्याच्या मुळाशी खरंच गळू होतं आणि जास्त माणसं त्यानेच खाल्ली. पण दुसऱ्याचं काय? यवतमाळची टी-१ वाघीण २०१८ मध्ये मारली गेली, तेव्हा ती दोन बछडे वाढवत होती. म्हातारी मुळीच नव्हती. गीरमध्ये १९८७-८८ च्या दुष्काळानंतर सिंहांचे माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ७ वरून ४० वर गेले. दुष्काळाने सगळ्या सिंहांचे दात काही एकदम पडत नाहीत. पर्यटकांसाठी आमिष बांधून सिंह दाखवायचा प्रकारही त्याच सुमारास बंद झाला होता. भूक आणि माणसाची सवय, दोन्ही एकदमच वस्तीकडे वळल्या.

सगळ्यात उपयोगी हिशोब टांझानियाचा आहे. १९९० ते २००४ मध्ये तिथे सिंहांनी ५६३ माणसं मारली. पीक काढणीला येतं, रानडुकरं शिवारात घुसतात, राखणीला शेतकरी शेतातच झोपडीत झोपतो, आणि डुकरामागे आलेल्या सिंहाला डुकरापेक्षा सोपा माणूस सापडतो. वेळसुद्धा ठरलेली: पौर्णिमेनंतरचे दहा दिवस, संध्याकाळ ते रात्री दहा. संकष्टीचा उपास करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. चंद्र नऊच्या आगेमागे उगवतो, तोवर मिट्ट काळोख. चांदण्या रात्रीत शिकार नीट न झालेला सिंह नेमका याच काळोखात भुकेला असतो.

सोलापूर जिल्ह्यात सिंह नाही, पण यातलं बाकी सगळं आहे. वर्षभर उभा ऊस, आत रानडुकरं, कडेला मोकाट कुत्री, शेतपंपाला रात्रपाळीने मिळणारी थ्री फेज लाइन आणि दारं धरायला, म्हणजे पिकात पाणी वळवायला, वाकलेला माणूस. वाकलेला किंवा उकिडवा माणूस बिबट्याच्या नजरेत शेळीच्या उंचीचा होतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये करमाळा तालुक्यात तिघांचा जीव घेणारा बिबट्या १८ तारखेला गोळ्या घालून मारावा लागला आणि ते योग्यच झालं. माणूस सोपा आहे हे जनावर शिकतं, हे आम्हीही नाकारत नाही. पण ते शिकतं कुठे, तर अशाच ठिकाणी.

म्हणून काम तिथे करायचं. रात्री पाण्याला दोघांनी जायचं, एक दारं धरेल, दुसरा उभा राहून बॅटरी फिरवेल; फोनवर गाणं मोठ्याने लावायचं. ऊसतोड टोळीच्या कोप्या (झोपड्या) फडापासून शक्य तितक्या लांब, मधली जागा साफ, पोरं कोपीत मधोमध आणि मोठी माणसं दाराकडे. पोल्ट्रीतली मेलेली कोंबडी बांधावर फेकायची नाही, खोल पुरायची. तिच्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांवर बिबट्या. गोठ्याला नुसती उंच जाळी करून भागत नाही, वरूनही बंद पाहिजे. ही चूक फार होते.

राहिलं शेवटचं, 'दिसला की नरभक्षक'. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोल्यात उसाच्या पट्ट्यात १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे मोजले गेले. त्यांचं मुख्य खाणं गावकुत्री. उलट जुन्नर भागात बिबटे पकडून दुसरीकडे सोडायचा सपाटा लागला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला ४ वरून १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरलेलं असतं. त्यामुळे दिसला की पिंजरा मागायचा आग्रह धरू नका. १९२६ या हेल्पलाइनवर वनखात्याला कळवा, आणि त्याआधी ठसा बघा. आपल्याकडे बऱ्याचदा तो तरसाचा किंवा लांडग्याचाच निघतो. बोटांपुढे नखांच्या खुणा उमटल्या असतील तर तो बिबट्या नाही; बिबट्याची नखं चालताना आत असतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो, आणि त्यावर टोपली पालथी घाला, नाहीतर वनरक्षक येईपर्यंत बघ्यांच्या चपलाच उमटलेल्या असतात.