चोवीसाचे सोळा

कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर गाण्याची बैठक झाली. मेहुण्याने ती आपल्या नव्या रेकॉर्डरवर घेतली, तीही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर. म्हणजे यमन, दोन तंबोरे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कुकरची शिट्टी, सगळ्याची सेकंदाला ९६,००० वेळा नोंद, आणि प्रत्येक नोंद २४ बिटांची, म्हणजे शून्य-एकाच्या चोवीस घरांची. मिनिटाला सुमारे ३५ एमबी. हे प्रकरण मिरजेला सासरेबुवांकडे पोचवण्याची जबाबदारी मात्र माझी, कारण मेहुणा कलाकार आणि मी ‘कॉम्प्युटरमधला’. (मी बँकेत आहे. पण बसतो कॉम्प्युटरसमोर.)

“पेनड्राइव्हवर पाठवतो, अण्णा.”

“आमच्या प्लेअरला त्याचं भोक नाही, जावईबापू. सीडीच पाठवा.”

मिरज म्हणजे तंबोरे करणाऱ्यांचं गाव. तिथे जन्म काढलेला माणूस आधी जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेची गुंजणारी आस, ऐकतो आणि सवड झाली तर गाणं. तेव्हा काम चोख व्हायला हवं होतं.

सीडीला सेकंदाला ४४,१०० नोंदी लागतात, त्याही १६ बिटांच्या. हा विचित्र आकडा व्हिडिओ टेपच्या कृपेने आला. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला तीच सोयीची होती. चित्राच्या एका ओळीत तीन नोंदी, एका फील्डमध्ये (म्हणजे अर्ध्या चित्रात) २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. करा गुणाकार. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं आणि त्याच्या दुपटीहून जरा जास्त नोंदी असल्या की भागतं. अण्णांचं वय पाहता निम्म्यातही भागलं असतं, पण हे मिरजेत बोलायची सोय नाही.

आता ९६,००० ला ४४,१०० ने भाग जात नाही. हिशेब बसतो तो ३२० ला १४७ असा. पंगतीला ३२० पाहुणे आणि पानं १४७. शिवाय कुणालाही उठवायचं नाही, सगळ्यांचे मिळून नवे १४७ पाहुणे घडवायचे. त्याआधी २२,०५० हर्ट्झच्या वरचं सगळं गाळून टाकायचं, नाहीतर ते उलटं फिरून खालच्या सुरांत बेसूर होऊन शिरतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सॉक्स नावाचा फुकटचा प्रोग्रॅम एका ओळीच्या हुकमावर हे निमूट करतो. नव्या नोंदींत एखादं शिखर कापलं जाऊ नये म्हणून आवाज आधी एक डेसिबल उतरवला, की झालं.

छळलं ते बिटांनी. २४ चे १६ करताना खालचे आठ नुसते छाटले, तर विरत जाणारा सूर शेवटी पायऱ्या उतरल्यासारखा खरखरतो. त्यावर उपाय म्हणजे डिदर : छाटण्याआधी आवाजात अगदी बारीक, अस्ताव्यस्त खरखर मुद्दाम मिसळायची. मग सुराची मोडतोड होत नाही, नुसती संथ ‘शूऽऽ’ उरते. खरं तर आमच्या गच्चीवर रिक्षा, पंखे आणि मसाला दुधाचे पेले यांनी डिदर आधीच भरपूर घातलं होतं. पण मेहुण्याने शेवटी तंबोरे हळूहळू विरवत नेले होते आणि त्याबरोबर रिक्षाही. नेमकी ती शेपटीच मिरजेत ऐकली जाणार.

रात्री हेडफोन लावून, आवाज पार वर चढवून, मी तेवढाच तुकडा दोन्ही तऱ्हांनी ऐकत बसलो. बायकोने एक कान उचलून स्वतःला लावला.

“हे शूऽऽ काय आहे?”

“मी घातलंय.”

“मुद्दाम?”

“त्याशिवाय स्वच्छ येत नाही.”

तिने हेडफोन परत माझ्या कानावर बसवला आणि झोपायला गेली. दुसऱ्या दिवशी मेहुण्याला फोन करून “यांना जरा सुट्टी काढायला सांग” म्हणाली असं कळलं.

कोरी सीडी मागितल्यावर स्टेशनरीवाल्याने माझ्याकडे शाईची दौत मागितल्यासारखं पाहिलं. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून ती शेजारून आणली. सीडी लिहिताना ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ हा पर्याय निवडायचा, नाहीतर दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता येऊन बसते. विलंबित संपून द्रुत सुरू होताना तंबोरा दोन सेकंद गप्प! अण्णा पहिल्या गाडीने ठाण्यात उतरले असते.

सीडी कुरिअरने गेली. संध्याकाळी फोन आला. मी खुर्चीत सरळ बसलो.

“ऐकली बघा. शेवट झकास विरतो. पण तंबोरा एकच का ठेवला होता ओ?”

“दोन होते, अण्णा. एक डावीकडे, एक उजवीकडे.”

“अस्सं. आमचा डावा स्पीकर गणपतीपासून बंद आहे.” जरा थांबून म्हणाले, “पुढच्या खेपेला दोन्ही तंबोरे उजवीकडे बसवायला सांगा त्यांना.”