कॉइलवर भाकरी फुगवायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

लातूरला खोली करून नीटची तयारी करणाऱ्या भाचीने एक फिरता मेसेज पाठवला: 'गॅसला रामराम! कॉइलच्या शेगडीच्या खास टिपा.' खाली विचारलं होतं, "मामा, खरंय का हे?" तिच्या मजल्यावरच्या बऱ्याच पोरी अशाच शेगडीवर वरणभात करतात. म्हणून हे उत्तर तिला, आणि तो मेसेज न वाचता पुढे ढकलणाऱ्या सगळ्यांना.

सगळ्यात भयंकर टीप ही: 'भाकरी तव्यावरून काढून थेट कॉइलवर टाका, चुलीवरच्यासारखी टम्म फुगते.' अहो, चुलीत निखारा असतो, इथे 230 व्होल्टची उघडी तार आहे! चिनी मातीच्या खाचेतली ती लालभडक स्प्रिंग नायक्रोम या मिश्रधातूची असते, तिच्यावर कसलंही आवरण नसतं. भाकरीला पाणी लावलेलं, हात ओला, हातात स्टीलचा चिमटा. चिमट्याचं टोक तारेला टेकलं की करंट अंगातून जमिनीत. बटण बंद करून टाकली तरी भरवसा नाही. बोर्डात फेज (करंट आणणारी तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) उलटे जोडले असतील तर बटण बंद असतानाही तार जिवंत राहते. ज्वारीची भाकरी तव्यावरच फुगते. उलटायची आणि फडक्याने कडा दाबत फिरवायची. दूध किंवा वरण उतू गेलं तरी तेच: आधी प्लग काढायचा, थंड होऊ द्यायचं, मगच पुसायचं.

'पायात चप्पल असली की शॉक बसत नाही.' कोरडी रबरी चप्पल थोडी आड येते, एवढं मान्य. पण दुसरा हात नळाला किंवा ओल्या भिंतीला लागला तर चप्पल काय करणार?

'तिसरी पिन कापा, कुठल्याही बोर्डात बसते.' हे वाचून डोकंच फिरलं. ती जाड, लांब पिन अर्थिंगची, म्हणजे गळका करंट अंगातून न जाता जमिनीत नेणारी. प्लग लावताना ती सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना शेवटी सुटते, म्हणूनच ती लांब ठेवलेली असते. आयएस 1293 या भारतीय मानकात सॉकेट 6 आणि 16 अँपिअरचे आहेत. शेगडीवर 2000 वॅट लिहिलेलं असेल तर त्याला 230 ने भागा, 8.7 अँपिअर येतात. छोट्या सॉकेटला ते झेपत नाहीत. प्लग तापतो, काळा पडतो, वितळतो. 1000 वॅटची शेगडी भिंतीतल्या छोट्या सॉकेटवर चालते, पण एक्स्टेंशनवर किटली आणि इस्त्रीच्या जोडीला लावायची नाही.

'व्होल्टेज कमी असलं की बिल कमी.' साफ चूक. 230 चे 180 झाले की 2000 वॅटची शेगडी जेमतेम सव्वाबाराशेची उरते. डाळ शिजता शिजत नाही, आणि तेवढा वेळ उष्णता हवेत जात राहते.

'शिजत आलं की थोडं आधी बंद करा' हे बरोबर आहे. भांडं सपाट, जाड बुडाचं आणि वर झाकण हवं. 'गॅसच्या निम्म्या खर्चात' मात्र विसरा. 2000 वॅट रोज दोन तास म्हणजे महिन्याला 120 युनिट, आणि घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढे दर चढतो.

भाचीच्या घरमालकांना फोन करून 16 अँपिअरचं सॉकेट आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवायला सांगितलंय. अर्थिंग खरंच आहे की नुसतं भोक आहे, हे वायरमन फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लॅम्प लावून मिनिटात सांगतो. तोवर तिने शेगडी लावायची नाही, डबा लावायचा.