"बाळाला काय कळतंय" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

'खंबीर मुलं कशी घडतात' असा एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. मार, भांडणं, गरिबी यातूनच मूल कणखर होतं, तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तर काही कळत नाही आणि पुढे आठवतही नाही, तेव्हा घरातल्या कटकटींचं टेन्शन घेऊ नका, असं त्यात लिहिलंय. परवा तो मला एका जवळच्या मैत्रिणीने पाठवला आणि खाली लिहिलं, "वाचून जीवात जीव आला गं." तिच्या घरात तान्हं बाळ आहे आणि त्या घरात काय चाललंय ते मला माहितीय. जास्त लिहीत नाही, पण गप्पही बसवत नाही.

आधी तोच मुद्दा घेते, कारण सगळ्यात घातक तोच आहे. "बाळाला काही कळत नाही."

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास 2013 मध्ये आला. 6 ते 12 महिन्यांची बाळं, गाढ झोपलेली, त्यांना झोपेतच एमआरआय मशीनमध्ये ठेवलं आणि कानावर एका माणसाचा आवाज घातला. वाक्यं निरर्थक, फक्त सूर वेगवेगळे, कधी आनंदी, कधी साधा, कधी भयंकर चिडलेला. ज्या घरात आईबापांची आपसात जास्त भांडणं होती त्या बाळांचा मेंदू चिडक्या आवाजाला जास्त जोरात प्रतिसाद देत होता, आणि तोही ताण आणि भावना सांभाळणाऱ्या भागांत. झोपेत! शब्दांना अर्थच नव्हता, म्हणजे 'कळण्याचा' प्रश्नच नाही. बाळं थोडीच होती हे मान्य, एका अभ्यासावर सगळं ठरत नाही, पण "ते झोपलंय, त्याला काय कळतंय" म्हणून शेजारच्या खोलीत आरडाओरडा करणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आणि "आठवत नाही" म्हणजे काय हो? प्रसंग आठवत नाही हे खरं, तिसऱ्या वर्षाच्या आतलं आपल्यापैकी कुणालाच धड आठवत नाही. पण आपण चालायला कसं शिकलो तेही आठवत नाही, म्हणून चालणं विसरलो का? भीती वाटली की शरीरात कॉर्टिसोल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं, छातीत धडधडतं. कुणी उचलून घेतलं, थोपटलं, की ते परत खाली येतं. पण जो माणूस थोपटणार तोच ओरडतोय किंवा तीच रडतेय, आणि हे रोजचंच असेल, तर ती धोक्याची यंत्रणा धड बंदच होत नाही आणि मेंदू वाढतो तो तशा अवस्थेत. मग हेच मूल मोठं होऊन वर्गात बसतं आणि मागे बेंच सरकला तरी दचकतं, कान सतत आवाजाकडे, आणि आपण त्याला लक्ष नाही म्हणून झापतो.

"संकटातून तावूनसुलाखून निघालेली किती मोठी माणसं आहेत बघा." आहेत ना, नाही कोण म्हणतंय. हवाईमधल्या कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांवर मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक वर्षं लक्ष ठेवलं होतं. गरिबी, घरातली भांडणं, आजारी पालक अशा कठीण परिस्थितीतली जी मुलं होती, त्यातली साधारण एक तृतीयांश छान मोठी झाली. मेसेजवाले फक्त हीच मुलं दाखवतात. उरलेल्या दोन तृतीयांशांना शिकण्यात, वागण्यात किंवा मनाच्या पातळीवर गंभीर अडचणी आल्या, त्यांचं कोण बोलणार? आणि जी तरली त्यांच्याबाबत वर्नरबाईंना एक गोष्ट परत परत दिसली, त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचा मोठा माणूस होता, आजी, मावशी, शिक्षक, कुणीतरी. ती मुलं संकटामुळे घडली नाहीत, त्या माणसामुळे तरली. हां, थोडा ताण मुलाला शिकवतो हे मी मानते, परीक्षा, हरणं, पडणं, नवीन शाळा. पण त्याला घरी परत यायला शांत जागा हवी, आणि इथे प्रश्न घराचाच आहे.

"मार खाल्ल्याशिवाय शिस्त नाही." यावर फार वेळ घालवत नाही. 2016 मध्ये दीड लाखाहून जास्त मुलांचे अभ्यास एकत्र करून बघितले गेले, चापट मारण्याचा संबंध जास्त आक्रमक वागण्याशी आणि मानसिक त्रासाशी निघाला, फायदा कुठे दिसला नाही. पुढचा मुद्दा.

"गरिबीने काही होत नाही, संस्कार कमी पडतात, पैसे दिले म्हणून मुलं सुधारत नाहीत." अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिनात 1993 पासून 1,420 मुलांचा अभ्यास चालू होता. मधेच तिथल्या चेरोकी या मूळ रहिवासी लोकांच्या जमिनीवर कॅसिनो सुरू झाला आणि नफ्यातला वाटा त्यांच्यातल्या प्रत्येकाला मिळायला लागला, कुणी चांगलं वागतंय म्हणून नाही, सरसकट. जी कुटुंबं त्यामुळे गरिबीतून वर आली, त्यांच्या मुलांचा आडमुठेपणा, मारामाऱ्या, नियम मोडणं इतकं कमी झालं की कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या बरोबरीला आलं. जी गरीबच राहिली त्यांचं होतं तसंच राहिलं. चिंता आणि उदासी मात्र फारशी हलली नाही, म्हणजे पैशाने सगळं बरं होतं असं मी म्हणत नाहीये. पण आईबाप तेच होते, आणि संशोधकांना मोठा फरक दिसला तो एवढाच की त्यांना मुलांकडे बघायला सवड मिळाली. संस्कारच कमी होते तर नंतरच्या चार वर्षांत ते कुठून आले, हे मेसेज लिहिणाऱ्याने सांगावं.