कपाटाच्या तळाशी : 'निवृत्त मेकॅनिक' काकांना उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही नाव दिलं नाहीत. 'निवृत्त मेकॅनिक' एवढीच सही, आणि एसटीच्या वर्कशॉपमध्ये बॉडीच्या कामावर एकतीस वर्षं काढली हे एक वाक्य. म्हणून काका म्हणतोय, राग नसावा. उत्तराला आठ दिवस लागले, कारण तुमच्या एका प्रश्नासाठी मला आधी खाली जाऊन गाडी बघावी लागली. ते शेवटी सांगतो.

बाकीच्यांसाठी काकांचं म्हणणं थोडक्यात. आमच्या नव्या कॅरॅव्हॅनची (आत बिछाना, स्वयंपाकाची सोय आणि संडास असलेली गाडी) पहिली सहल, मुलुंड ते गुहागर, मी इथे लिहिली होती. त्यात अकरा बिघाड मोजले आणि शीर्षकात त्यांना 'किरकोळ कुरबुरी' म्हटलं. काका म्हणतात, नव्याकोऱ्या गाडीत अकरा बिघाड म्हणजे किरकोळ नव्हे, फसवणूक. ताबा घेताना तुमचे डोळे कुठे होते? बनवणाऱ्याचं नाव लपवलंत म्हणजे त्याच्याकडून काहीतरी घेतलं असणार. एवढ्या पैशात माणूस जन्मभर चांगल्या हॉटेलात उतरेल. आणि मुंबईत माणसाला उभं राहायला जागा नाही, तिथे हे चोचले कशाला? शेवटची ओळ अशी : "गॅसच्या कपाटाला तळाशी भोक ठेवलंय का, ते तरी बघितलंत का?"

हॉटेलचा हिशेब मान्य. त्यात तुम्हीच जिंकाल. पण माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, तिचे गुडघे गेलेत, आणि हायवेवरच्या संडासाच्या धास्तीने ती पनवेलच्या पुढे पाणी पीत नाही. या सहलीत कोलाडला तिने स्वतःहून चहा मागितला, कारण संडास गाडीतच होता. यापुढचा हिशेब मी मांडत नाही.

आता डोळे कुठे होते ते. दसऱ्याच्या सकाळी गाडी ताब्यात घेतली. चार चाकांखाली चार लिंबं, हार, नारळ, पेढे, फोटो. सगळं मिळून चाळीस मिनिटं, आणि त्यातली पंचवीस पूजेची. नळ सोडून पाहिला, दिवे लावून पाहिले, बिछाना उघडून मिटून पाहिला. झालं. तुम्ही याला आंधळेपणा म्हणालात, तो होताच.

पण एक गोष्ट तुमच्यासारख्या माणसाला जास्त पटेल. यातले बरेच बिघाड उभ्या गाडीत दिसलेच नसते. वरच्या कपाटांना सुताराने घरच्या किचनसारखे मॅग्नेट लावले होते. शेडमध्ये दारं टक्‌कन बसत होती. वडखळच्या पुढे पहिला मोठा खड्डा आला आणि पोह्यांचा स्टीलचा डबा वरून सुटून थेट सिंकमध्ये. पुढचे चार दिवस सगळी कपाटं आईच्या परकराच्या नाड्यांनी बांधून फिरलो. आता सगळीकडे बटण दाबून उघडणारी लॉकं आहेत.

छताचंही तसंच. शेडमध्ये पाइपने पाणी मारून दाखवलं, थेंब आला नाही. परतीच्या पावसात माणगावच्या अलीकडे गाडी सत्तरवर असताना वाऱ्याने तेच पाणी खालून वर ढकललं आणि पंख्याच्या चौकटीतून माझ्या बायकोच्या मानेवर टपटप सुरू झालं. सिलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, स्क्रूच्या डोक्यांवर फासलं होतं, चौकटीखाली नव्हतं.

फ्रिजवर मात्र जरा थांबतो, कारण मूळ लेखात मी 'फ्रिज मधूनमधून बंद पडला' एवढंच लिहिलं होतं आणि तुम्ही त्यावर 'बॅटरी बोगस' असा शेरा मारलात. बॅटरी बोगस नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, केळशीच्या आसपास, फ्रिज पाच मिनिटं चालायचा, बंद व्हायचा, परत चालू. मी मल्टिमीटर घेऊन बसलो. बॅटरीच्या टोकांवर १२.४ व्होल्ट. मागे फ्रिजच्या पिनेवर, कॉम्प्रेसर चालू असताना, ११.३. मधला १.१ व्होल्ट गेला कुठे? वायरीत. इलेक्ट्रिशियनने दीडची, म्हणजे दीड चौरस मिलिमीटरची, वायर टाकली होती. फोन केला तर म्हणतो, "साहेब, घरचा एवढा मोठा फ्रिज दीडवर चालतो, हा तर टीचभर आहे." त्याचं घरापुरतं बरोबर आहे. घरी २३० व्होल्टवर ६० वॅटला पाव अँपियर लागतो. इथे १२ व्होल्टवर त्याच ६० वॅटला ५ अँपियर लागतात, म्हणजे जवळजवळ वीसपट. बॅटरी पुढे, फ्रिज मागे, जाऊन-येऊन सोळा मीटर वायर. दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम धरला तर एक व्होल्ट वायरीतच जिरतो, उरलेला जॉइंटांमध्ये. फ्रिजला वाटतं बॅटरी उतरली, आणि ती वाचवायला तो बिचारा शहाण्यासारखा बंद होतो. कॉम्प्रेसर थांबला की करंट थांबतो, व्होल्टेज परत चढतं, तो परत चालू. गुन्हा वायरीचा आणि शिव्या फ्रिजला. परत आल्यावर सहाची वायर टाकली. आता पाव व्होल्टच पडतो आणि आमचं दही आंबट होत नाही.

हा बिघाड ताबा घेताना सापडला असता का? मीटर घेऊन गेलो असतो आणि फ्रिज तासभर चालवला असता तर हो. दसऱ्याला मीटर कोण नेतो, पण तो माझा प्रश्न.

पाण्याचा पंप किरकोळच होता आणि मी त्याला किरकोळच म्हणणार. गुहागरला एका घरगुती खाणावळीच्या अंगणात, सुरूच्या झाडांखाली मुक्काम होता. रात्री दोन वाजता पंप 'टर्र' करून एक सेकंद वाजायचा आणि गप्प. दहा मिनिटांनी पुन्हा टर्र. नळ सगळे बंद. या पंपांत दाबाचा स्विच असतो, लाइनमधला दाब उतरला की तो आपोआप सुरू होतो. म्हणजे कुठेतरी थेंब थेंब गळतंय. सिंकखालच्या प्रत्येक जॉइंटला टिश्यू पेपर गुंडाळत गेलो, तिसरा ओला झाला, हाताने अर्धा आटा फिरवला, संपलं. आई झोपेतून म्हणाली, "उंदीर आहे का रे?"

एका बाबतीत मात्र मी मूळ लेखात लबाडी केली, आणि ती तुम्ही पकडली नाहीत म्हणून मीच सांगतो. बागमांडल्याला सावित्रीच्या खाडीवर वेसवीला जाणारी फेरीबोट पकडताना गाडीचा मागचा भाग घासला. ओहोटी होती, धक्क्याचा उतार आणि बोटीचा रॅम्प यांत चांगला कोन पडला होता. पुढची चाकं बोटीवर चढली आणि मागे खर्रर्र. बोटीवरच्या पोराने मागच्या चाकांखाली दोन फळ्या सरकवल्या, "सरळ नको साहेब, तिरकी घ्या" म्हणून हात केला, आणि गाडी आत आली. सांडपाण्याच्या टाकीचा कॉक निम्मा झिजला होता. लेखात मी खापर ओहोटीवर फोडलं. खरं असं की तो कॉक मागच्या चाकांच्याही मागे, बंपरच्या चार बोटं खाली लोंबत होता. ज्याने तिथे बसवला त्याने गाडी फक्त सपाट शेडमध्ये पाहिली होती. पुढे दाभोळ-धोपावे बोटीला आम्ही भरती येईपर्यंत दोन तास थांबलो. कॉक आता टाकीच्या बाजूला घेतलाय, वर.

नाव का दिलं नाही? घेतलं म्हणाल तर पक्कं बिल घेतलं, दुसरं काही नाही. या गाडीला तीन बाप आहेत. चासी एका कारखान्याची, बॉडी आणि सुतारकाम दुसऱ्याचं, वायरिंग त्याने बोलावलेल्या तिसऱ्याचं. चासीवाला म्हणतो वायरीला बाहेरच्याने हात लावलाय, वॉरंटी गेली. बॉडीवाला म्हणतो इलेक्ट्रिकल माझं नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर तीन घरं. तरीही बॉडीवाल्याने कटकट न करता अकरापैकी नऊ कामं फुकट करून दिली, आणि उरलेल्या दोनांची तारीख मेलवर लेखी दिलीय. ती उलटली तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा घाई नाही. तोवर नाव टाकून त्याचे हात आखडून घ्यायचे आणि मग त्याच्याच दारात पाना मागायला जायचं, हे मला जमत नाही. तुम्ही याला भित्रेपणा म्हणा.

मुंबईतल्या जागेचं तुमचं बोलणं झोंबलं, कारण खरं आहे. गाडी २.८५ मीटर उंच, आमच्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, शिरत नाही. उघड्यावरची जागा मिळावी म्हणून सेक्रेटरींना तीन पत्रं दिली. पण मुंबईत गाडी असण्याचा एक फायदा तुमच्या प्रतिक्रियेमुळेच लक्षात आला. पहिली रात्र बाहेर काढायलाच नको होती, ती कंपाउंडात काढायला हवी होती. घर चार मजले वर, हार्डवेअरचं दुकान कोपऱ्यावर, काहीही बिघडलं तर जिना चढून झोपायला मोकळे. गेल्या शनिवारी तसं केलं. पाण्याची टाकी भरली, पंधरा अँपियरची पिन काढून ठेवली, बॅटरीवर सगळं चालवलं, रात्री आठ ते सकाळी आठ. साडेबाराला पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, "घरी भांडण झालं का?" सकाळपर्यंत आणखी दोन गोष्टी सापडल्या. त्यातली एक, बाथरूमच्या दाराची कडी बाहेरून लागते आणि आतून उघडत नाही, ही आईने शोधली. आतून.

आता तुमचा शेवटचा प्रश्न.

तो वाचला तेव्हा पहिल्यांदा चीड आली. गॅसच्या कपाटाला तळाशी भोक लागतं हे मला माहीत होतं. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर पाण्यासारखा खाली साचतो, म्हणून कपाट आतल्या बाजूने बंद आणि तळाशी उघडं हवं, गळलेला गॅस रस्त्यावर जावा, बिछान्याखाली नाही. बनवणाऱ्याने नकाशात दाखवलं होतं. मी मनात 'हो, ठेवलंय' म्हटलं, लॅपटॉप मिटला, आणि झोप येईना. कारण नकाशात पाहिलं होतं, गाडीत पाहिलं नव्हतं.

रात्री साडेअकराला टॉर्च घेऊन खाली गेलो. पुठ्ठा अंथरून गाडीखाली शिरलो. वॉचमनला वाटलं कुणीतरी बॅटरी काढतोय, तो काठी घेऊनच आला. खालून भोक दिसलं, लिंबाएवढं, कडा व्यवस्थित घासलेल्या. जीव भांड्यात पडला. मग उठून कपाट उघडलं, सिलिंडर सरकवला, तर आत लाकडी नक्षीची गुळगुळीत व्हिनाइल चटई, भिंतीपासून भिंतीपर्यंत. भोक कुठेच नाही. वॉचमनला वर टॉर्च धरून बसवलं, मी पुन्हा खाली गेलो आणि त्या भोकातून स्क्रूड्रायव्हर वर ढकलला.

"साहेब, चटई फुगतेय," तो वरून म्हणाला.

भोक पाडणारा वेगळा, चटई अंथरणारा वेगळा, आणि दोघांचंही काम नीटनेटकं. काका, त्या कपाटाच्या पाठीला लागून आईचा बिछाना आहे. चार रात्री ती तिथे झोपली. सिलिंडर तेव्हाच काढून गॅलरीत नेला. सकाळी प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी लावून पाहिलं, फुगा कुठेच आला नाही, म्हणजे गळत नव्हतं. कटरने चटई गोल कापली. हा बिघाड ताबा घेताना दिसला असता. कपाट उघडून खाली बघायला अर्धं मिनिट लागतं. शीर्षकातला 'किरकोळ' शब्द काढलाय, आणि बाराव्या क्रमांकावर हे सगळं लिहून ठेवलंय.

आता एक विचारायचंय. आमच्या कंपाउंडात घुशी आहेत, मांजराएवढ्या. भोक उघडं ठेवलं तर एखाद्या रात्री आत येतील आणि रबरी नळीच कुरतडतील. बारीक जाळी लावली तर पावसाळ्यात चिखलाने बुजेल आणि पुन्हा तेच. तुम्ही बसच्या बॉडीला खालच्या निचऱ्यांवर काय लावायचात? जाळी किती मोठी ठेवायची, आणि आतून ठोकू की बाहेरून?