यलो अलर्ट म्हणजे चक्रीवादळ नव्हे

गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कालपासून फिरतंय: "हवामान खात्याचा यलो अलर्ट, ताशी 40 ते 50 किलोमीटर वारा, आज रात्री चक्रीवादळ गावावर!" इशारा खरा आहे. चक्रीवादळ मात्र कुणीतरी पदरचं जोडलंय.

हा वळवाचा वारा. "विजांसह सोसाट्याचा वारा" हा इशारा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. गडगडाटी ढग ज्या शिवारावर येतात तिथे काही मिनिटं झोत सुटतो, शेजारच्या गावात पानही हलत नाही. चक्रीवादळ ठरायला वारा सलग ताशी किमान 62 किलोमीटर लागतो, आणि ते जन्मतं समुद्रावर. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा. तयारीत राहा असं सांगतो तो नारिंगी.

आणखी एक घोळ (माझाही बरीच वर्षं होता): "पश्चिमेचा वारा" म्हणजे पश्चिमेकडून येणारा, तिकडे जाणारा नव्हे. वाऱ्याच्या वेगाचा आकडाही मोकळ्या जागी 10 मीटर उंचीवरचा असतो, अंगणातला नव्हे.

तेव्हा उघड्यावरचा कांदा झाका, सैल पत्रे बांधा, ढग गडगडले की झाडाखाली थांबू नका. घरदार सोडून तालुक्याला पळायची गरज नाही.