ही घ्या तुमची मुलं

मी दिव्यांग मुलांसाठी शाळाशाळांतून फिरणारी विशेष शिक्षिका. यादी हातात पडली ती पोषण आहाराच्या वहीतून फाडलेल्या पानावर. अकरा नावं, लाल पेनने. वर अधोरेखित 'दिव्यांग / गतिमंद', खाली शाळेचा शिक्का, आणि मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावर साखरपुड्याचे पेढे वाटल्यासारखं हसू. "घ्या मॅडम, ही तुमची मुलं. चाचणीच्या आत तेवढी युडायसला चढवून टाका."

युडायस म्हणजे शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद. पण माझी मुलं! शाळा तुमची, पट तुमचा, एक पोरगं शिष्यवृत्तीला लागलं की गेटवरचा फ्लेक्स तुमचा. आणि वाचता न येणारी तेवढी माझी?

बरं, अकरा जण आहेत तरी कोण? चार ओडिया, तीन भोजपुरी घरातली, दोन वारली पाड्यावरची, एक नेपाळी वॉचमनची मुलगी. राहिला एक मराठी घरातला. तो का, तर डावखुरा आहे आणि बाईंना त्याचं अक्षर बघवत नाही. पालघर जिल्हा आहे हा. इथे औद्योगिक वसाहतीच्या कडेच्या कुठल्याही वर्गात डोकावलं की अर्धा भारत सतरंजीवर बसलेला दिसतो. त्यातलं जे पोर पहिल्या दोन महिन्यांत आपल्या पुस्तकी मराठीत उत्तर देत नाही ते गतिमंद, असा साधा सरळ हिशेब झालेला आहे. चाचणी तोंडावर आली की ही गतिमंदता साथीसारखी पसरते. वर्गाची सरासरी वाचवायची असते ना.

यादीतली तिसरी मुलगी. चौथीत आहे. शेरा काय, तर 'सूचना समजत नाहीत, बौद्धिक अक्षमता असावी'. वर्गशिक्षिका शेजारीच उभ्या. म्हणाल्या, "बघा ना, नुसती बघत बसते." अहो बाई, तुम्ही ज्या वेगाने बोलता त्या वेगाने बोललात तर मीसुद्धा नुसती बघत बसते. मुलीला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. बाबा काय करतात? कंपनीच्या गेटसमोर पानटपरी. रविवारी कोण बसतं? मैं. म्हटलं, बरं, माझं सामान झालं सेहेचाळीस रुपयांचं, ही घे शंभरची नोट. बाईसाहेबांनी माझ्या खोट्या नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "छे रुपया छुट्टा है क्या?"

आता सांगा. शंभराला सहा जोडून साठ परत देणारी नऊ वर्षांची पोरगी बौद्धिक अक्षम! बौद्धिक अक्षमता ठरवताना नुसता बुद्ध्यांक बघत नाहीत, रोजच्या जगण्यात मूल काय काय निभावतं तेही बघतात, एवढं कुठल्याही प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सांगतात. त्या दिवशी हे सगळे मागच्या रांगेत बसून जेवण कधी आहे ते विचारत होते. मी बाईंना उत्साहाने सहा रुपयांची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "हो, पण पेपरात लिहीत नाही ना!"

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते मला तिथे, त्या व्हरांड्यात, कळलं.

त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर एक मुलगा आहे. शांत, केस चापून बसवलेले, वही टापटीप. त्याचं नाव यादीत नाही, कारण तो त्रास देत नाही. मी मागून नाव घेतलं, ढिम्म. जरा मोठ्याने घेतलं, तरी नाही. शेजाऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा वळला, आणि वळल्यावर माझ्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत राहिला. डाव्या कानात कापसाचा बोळा. कान वाहतो, म्हणे पावसाळ्यापासून. सगळा अभ्यास शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतो. आणि बाई कौतुकाने सांगतात, "फार गुणी आहे हो, एक शब्द बोलत नाही." कसा बोलेल! ज्यांना नीट ऐकू येतं ते अकरा माझ्या यादीत, आणि ज्याला येत नाही तो गुणी.

या शोधाशोधीसाठी 'प्रशस्त' नावाचं ॲप आहे. वर्गशिक्षकाने मुलाकडे बघून पहिली तपासणी करायची, मग ते माझ्याकडे यायचं. प्रत्यक्षात काय होतं? मधल्या सुट्टीत एक जण मोबाईल घेऊन बसतो आणि सगळ्याला 'हो, हो, हो' करत सुटतो. एका पोराला दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही आणि तो वर्गात फार पळापळ करतो, हे सगळं एकाच अर्जात मी स्वतः वाचलेलं आहे.

पुढचं प्रमाणपत्राचं घोडं आणखी वेगळं. २०१६ च्या कायद्याने सातचे एकवीस प्रकार केले, चांगलं केलं. पण कागद हातात यायला पोराच्या आईने मजुरी बुडवून किती खेटे घालायचे? शिबिर असतं तेव्हा मानसतज्ज्ञ नसतात, मानसतज्ज्ञ असतात तेव्हा पोर्टल झोपलेलं असतं, आणि दोन्ही जुळून आलं की दिवाळी होऊन कुटुंब वीटभट्टीवर गेलेलं असतं. अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. तरी पहिलीच्या बाई ऑगस्टमध्येच फोन करतात, "मॅडम, याला डिस्लेक्सिया आहे, लिहून टाका." आणि चाचणी घ्यायची कोणत्या भाषेत? वारली घरातल्या पोराला पुण्याच्या मराठीत गोष्ट वाचून दाखवायची आणि वर म्हणायचं, आकलन कमी.

आता विषय निघालाच आहे तर रॅम्प. बारा फूट लांबी घ्या आणि एक फूट चढा, इतकं सोपं गणित असतं त्याचं. आमच्या एका शाळेत असा रॅम्प बांधलाय की व्हीलचेअर सोडा, शेळी चढताना विचार करेल. दुसरीकडे रॅम्प अगदी मापात आहे, पण वर पोचलं की समोर कुलूपबंद ग्रील. दिव्यांग शौचालयात तांदळाची पोती. "उंदीर लागतात हो, तिथेच सुरक्षित राहतात." बरोबर आहे, तांदळाची सोय आधी बघायला हवी.

आणि ३ डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन! त्या दिवशी सगळ्यांना पान्हा फुटतो. पोरांना सकाळपासून उन्हात बसवायचं, पाहुणे दोन तास उशिरा येणार, आणि मग ते भाषण: देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो. साहेब, देवाचं राहू द्या, त्या ग्रीलची किल्ली कुणाकडे आहे तेवढं सांगा. 'देवाघरची फुलं' म्हणणारा माणूस आणि 'ॲडजस्ट करा ना मॅडम' म्हणणारा माणूस, हे दोघे माझ्या डोक्यात जातात. बहुतेक वेळा तो एकच माणूस असतो.

कागदावर मात्र आमचं सगळं झकास. केंद्र सरकारने २०२२ मध्ये प्रमाण काढलं, प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या केंद्रामागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक या हिशेबाने ४,८६० पदांचा निर्णय घेतला. वाचून आम्ही पेढे वाटले. आता एका केंद्रात शाळा किती, पाडे किती, त्यातले पावसाळ्यात पोचता येण्यासारखे किती, हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोण सांगणार? वर गृहभेटी, वैयक्तिक आराखडे, मदतनीस भत्त्याच्या याद्या, आणि ग्रुपवर रात्री साडेनऊला पडणारं ते 'तात्काळ! आजच! प्रपत्र अ'. मागच्या आठवड्यात ज्या साहेबांना मी हीच माहिती दिली त्यांनीच ती परत मागवली आहे, फक्त आता रकाने आडवे आहेत.

तर मी काल चिडले. म्हणजे भयंकर चिडले. स्टाफरूममध्ये उभं राहून कायदा, कलमं, मातृभाषा, मूल्यमापन असं सगळं सुनावलं. आवाज चढला होता, बहुतेक हातवारेही झाले. सगळे गंभीरपणे ऐकत होते. मला वाटलं, भिडतंय. भाषण संपल्यावर एक गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुम्ही ३ डिसेंबरला सूत्रसंचालन कराल का?" आणि मी, स्वाभिमानी वगैरे बाई, तिथेच खुर्चीत बसून त्यांचाच चहा प्यायले, कारण त्यात आलं होतं आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं. सूत्रसंचालनाला हो म्हटलंय की नाही ते मला नीट आठवत नाही. ग्रुपवर माझं नाव पडलेलं आहे.

यादी मात्र घेतली नाही. म्हणजे घेतली, पण अकराही नावांपुढे 'वर्गशिक्षकाने भाषिक आधार द्यावा' असं लिहून सही ठोकून परत दिली आणि खाली बारावं नाव घातलं, कापसाच्या बोळ्याचं. मुख्याध्यापकांनी वाचलं आणि विचारलं, "मग सरासरीचं काय?"

त्यात संध्याकाळी प्रवास भत्त्याचं बिल परत आलंय. शेरा: 'एसटीची तिकिटे जोडावीत.' ज्या पाड्यावर मी जाते तिथे एसटी गेली की लोक नारळ फोडतील. शेअर रिक्षा तिठ्यापर्यंत, पुढे मिळेल त्याची मोटारसायकल, त्यापुढे चप्पल हातात. टेबलवरच्या भाऊसाहेबांना तेच सांगितलं, तर म्हणाले, "मग रिक्षावाल्याची सही आणा." आज आणली. त्याने बिल उलटसुलट करून वाचलं, रक्कम बघितली आणि म्हणाला, "बाई, एवढ्याशा पैशांसाठी माझी सही घेता होय? ठेवा तुमच्याकडेच, पुढच्या खेपेला भाडंच देऊ नका."